पेव

एकोणीसच्या पुरानंतर गणपती पेठेतल्या दुकानात
आम्ही खतावण्या दोरीवर वाळत घातल्या होत्या,
धुण्यासारख्या.
शाई नदीबरोबर खाली कर्नाटकात गेली.
भूपालशेठ म्हणाले, आता कागद नको.
मग त्यांच्या भाच्यानं सगळं वर नेऊन ठेवलं,
खरेदी, उधारी, हमाली,
आणि उद्याच्या सौद्यात कुठवर जायचं तो आकडा.

"वर म्हंजे कुठं रं?"
"क्लाउडवर, मामा."
"ढगात?" शेठ बराच वेळ गप्प.
"ज्यानं बुडवलं त्याच्याच घरात ठीव म्हणतोस?"

मी हसले होते. माझं काम हलकं झालं होतं.
भाडं कार्डातून आपोआप जायचं,
मिरजेला घरी बसून बिल निघायचं.
पासवर्ड सगळ्यांचा एकच, शेठच्या नातीचं नाव आणि एक-दोन-तीन,
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला.

फेब्रुवारीत सौद्यात काहीतरी बिनसलं.
आम्ही पंधरा हजार चारशेला थांबणार,
तर समोरचा पेढीवाला म्हणायचा, चारशे दहा.
एकदा, ठीक. दोनदा, नशीब.
सलग नऊ दिवस?
राजापुरी असो की सेलम, आमच्या आकड्यावर दहा.
शेठ रात्री जेवेनात.
"माझ्या बापानं रुमालाखाली बोटं धरून सौदे केले,
खेटून उभ्या माणसाला कळायचं न्हाई.
माझ्या मनातलं ह्याला कोण सांगतंय?"

मला ते सापडलं बुधवारी, डबा खाताना,
कोण कधी आत आलं त्या यादीत,
जी तोवर मी कधी उघडलीच नव्हती.
श्रेणिक, रात्री अकरा बावीस.
श्रेणिक, रात्री अकरा चाळीस.
श्रेणिक दिवाळीतच सोडून गेला होता.
आम्ही त्याला पेढे दिले, पगार चुकता केला,
दुकानाची किल्ली सही घेऊन परत घेतली.
ही किल्ली राहिली.

कुणी कुलूप फोडलं नव्हतं.
पेव फुटलं होतं, आवाज न होता.

हरिपूरचे बाबालाल मुजावर तेव्हा हमालीच्या हिशेबाला आले होते.
तरुणपणी ते हळदीच्या पेवात उतरायचे.
बाकावर बसून ऐकलं सगळं, मग म्हणाले,
"पेव उघडाय दोघं लागायचे, बाई. एक आत, एक दोरीवर.
झाकण काढलं म्हणून उतरायचं न्हाई.
आधी कंदील सोडायचा. विझला की थांबायचं.
आणि भरलेल्या पेवाला माल म्हणू ने.
वर आलेलं पोतं, तो माल."

त्या रात्री श्रेणिकचं नाव खोडलं.
ज्याची त्याची वेगळी किल्ली, वर फोनवर येणारा आकडा.
उद्याचा भाव फक्त शेठ बघणार आणि मी.
करारही वाचला, पहिल्यांदाच, एकतीस पानं.
बाविसाव्यावर लिहिलं होतं की माहिती गेली
तर कंपनी फार तर एका महिन्याचं भाडं परत देईल.
शेठ म्हणाले, "नदी बरी. तिनं सही तरी घेतली नव्हती."

आता दर शनिवारी एक नक्कल खाली उतरते,
काळ्या डबीत, साबणाच्या वडीएवढ्या.
ती विश्रामबागेत, शेठच्या बहिणीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
पैठणीच्या घडीत असते.
तिथवर पाणी येत नाही. अजून आलेलं नाही.

पहिल्या महिन्याअखेर आम्ही ती डबी
दुसऱ्याच, कोऱ्या मशिनवर उघडून पाहिली.
शेठ खुर्ची ओढून बसले, बाबालाल दारात उभे.
पडदा बराच वेळ पांढरा.
कुणी बोलेना. मला तो कंदील आठवत होता.
मग ओळी आल्या, एकेक, जुन्या तारखांसकट,
आणि मी मुद्दामच त्यांचीच पावती काढली:
बाबालाल मुजावर, हमाली, सतरा पोती.

"बरोबर आहे ना, चाचा?"

ते जवळ आले, चष्मा पुसला, बोटानं वाचलं.
"सोळा होती," म्हणाले.
"एकाचे पैसे जास्तीचे दिलायसा मला."